आधी ड्रायव्हर, मग डिस्क : विंडोजचं व्हर्च्युअल मशीन व्हर्टआयओवर नेताना

केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) विंडोज बसवलं की ते पहिल्याच फटक्यात चालू लागतं. डिस्क साटा बसवर (बस म्हणजे डिस्क जोडण्याचा मार्ग), नेटवर्क कार्ड इंटेलचं ई१०००; दोन्हींचे ड्रायव्हर विंडोजसोबतच येतात, त्यामुळे कुणाला काही शोधावं लागत नाही. तक्रार सुरू होते महिन्याभराने. टॅलीचा डेटा उघडायला वेळ लागतो, बॅकअप रात्रभर चालतो, होस्टचा (ज्या खऱ्या यंत्रावर हे सगळं चालतं त्याचा) प्रोसेसर मात्र उगाच तापलेला. मग कुणीतरी सांगतं, 'डिस्क व्हर्टआयओ कर', म्हणजे व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या उपकरणांच्या पद्धतीवर ने. मशीन बंद होतं, सेटिंगमध्ये बस बदलली जाते, मशीन सुरू होतं आणि निळा पडदा येतो : इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, कोड ०x७बी.

यात डेटाला काही झालेलं नसतं. फक्त आधी कळस मग पाया असा क्रम झालेला असतो. बस परत साटावर (आधी आयडीई असेल तर आयडीईवर) ठेवली की तेच मशीन पूर्वीसारखं सुरू होतं. मधल्या वेळात विंडोजने दोनतीनदा 'ऑटोमॅटिक रिपेअर' दाखवलं तर ते रद्द करा, त्याला दुरुस्त करण्यासारखं तिथे काही नाही. हे जमलं की खालचा क्रम शांतपणे पाळा.

नकली कार्ड महाग का पडतं

ई१००० म्हणजे इंटेलच्या ८२५४०ईएम या खऱ्या चिपची नक्कल. गेस्टमधल्या (व्हर्च्युअल मशीनमधल्या) ड्रायव्हरला वाटतं की समोर खरं कार्ड आहे, म्हणून तो त्याच्या रजिस्टरांत एकेक आकडा लिहीत बसतो. अशा बहुतेक लिखाणांना प्रोसेसर गेस्टमधून बाहेर पडून हायपरव्हायझरकडे (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जातो, तिथे क्यूएमयू (उपकरणांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) त्या आकड्याचा अर्थ लावतं आणि मग गेस्ट पुन्हा पुढे सरकतो. प्रत्येक कागदासाठी साहेबांच्या केबिनचं दार ठोठवावं, तसं.

व्हर्टआयओ खरं कार्ड असल्याचं नाटकच करत नाही. गेस्ट आणि होस्ट दोघांनाही दिसेल अशी मेमरीतली एक रांग असते. तिचे तीन भाग : कुठल्या पत्त्यावर किती बाइट आहेत त्याचा तक्ता, गेस्टने 'हे घ्या' म्हणून ठेवलेल्यांची यादी आणि होस्टने 'हे झालं' म्हणून परत केलेल्यांची यादी. कागद ट्रेमध्ये साचवायचे आणि घंटी एकदाच वाजवायची. सगळा फायदा या घंट्या वाचण्यात आहे.

ही कल्पना लिनक्स कर्नलचे प्रोग्रॅमर रस्टी रसेल यांची. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नल २.६.२४ पासून व्हर्टआयओ कर्नलमध्ये आहे, आणि २०१६ मध्ये ओएसिस या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने त्याची १.० आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर केली. या उपकरणांचा पीसीआय उत्पादक क्रमांक १एएफ४. तो मूळचा क्यूमरानेट कंपनीचा, आणि ती २००८ मध्येच रेड हॅटने विकत घेतली. म्हणून तुमच्या होस्टवर उबुंटू असो वा प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन सांभाळण्यासाठीची लिनक्स प्रणाली), विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसतं ते रेड हॅटचंच.

ब्लॉक की स्कझी, हे आधी ठरवा

डिस्कसाठी व्हर्टआयओचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर वेगळे आहेत. व्हर्टआयओ-ब्लॉकला लागतो व्हीआयओस्टॉर. व्हर्टआयओ-स्कझीला लागतो व्हीआयओस्कझी. निम्मे निळे पडदे या दोघांच्या गल्लतीतून येतात, आणि त्यात नावांनी दुष्काळात तेरावा महिना आणला आहे : व्हीआयओस्टॉर बसल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं 'रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी कंट्रोलर', म्हणजे ब्लॉकच्या ड्रायव्हरच्या नावात स्कझी. खऱ्या स्कझीवाल्याचं नाव आहे 'रेड हॅट व्हर्टआयओ स्कझी पास-थ्रू कंट्रोलर'. 'पास-थ्रू' हा शब्द आहे की नाही तेवढं बघा.

निवड कशी करायची? एक-दोन डिस्क असतील तर ब्लॉक सुटसुटीत. प्रत्येक ब्लॉक डिस्क एक पीसीआय जागा खाते, त्यामुळे डिस्क जास्त असतील तर स्कझी बरं. एकाच कंट्रोलरवर कितीतरी डिस्क लटकवता येतात. पुसलेली जागा होस्टला परत मिळावी यासाठीचा डिस्कार्ड स्कझीवर आधीपासून चालतो. ब्लॉकवर तो क्यूएमयू ४.० पासून आला. प्रॉक्समॉक्स वापरत असाल तर 'व्हर्टआयओ स्कझी सिंगल' निवडा आणि डिस्कवर आयओ थ्रेडची खूण करा. काहीही निवडा, पण एकदा ठरवलं की खालच्या पायऱ्यांत शेवटपर्यंत तेच.

तयारी

फेडोरा प्रकल्प व्हर्टआयओ-विन नावाची आयएसओ फाइल देतो. 'स्टेबल' आणि 'लेटेस्ट' अशा दोन वाटा असतात. चालू कामाच्या मशीनवर स्टेबलच. विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ अजून सांभाळत असाल तर नवी आयएसओ उपयोगाची नाही. त्यांच्यासाठी ०.१.१७३ ही जुनी आवृत्ती लागते.

आयएसओ उघडली की प्रत्येक ड्रायव्हरचा फोल्डर, त्यात विंडोजच्या आवृत्तीचा (डब्ल्यू१०, डब्ल्यू११, २के१९, २के२२ वगैरे) आणि त्यात प्रोसेसरचा. होस्टमध्ये इंटेलचा प्रोसेसर असला तरी ६४ बिटसाठी फोल्डर एएमडी६४ हाच. ते त्या आर्किटेक्चरचं नाव आहे, कंपनीशी त्याचा संबंध नाही.

बस बदलण्याआधी तीन गोष्टी कराच. पहिली, मशीन बंद करून डिस्कच्या फाइलची प्रत. स्नॅपशॉट चालेल, पण वेगळ्या जागी ठेवलेली पूर्ण प्रत असली की झोप चांगली लागते. दुसरी, बिटलॉकर चालू असेल तर तो 'सस्पेंड' करा आणि रिकव्हरी की मशीनच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. हार्डवेअर बदललेलं दिसलं की तो ४८ आकडी किल्ली मागतो. तिसरी, फास्ट स्टार्टअप बंद. हे चालू असताना 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून अर्धवट झोपतं. जागं झाल्यावर त्याला जुनंच हार्डवेअर हवं असतं. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, तिरकी रेघ, एच, जागा, ऑफ एवढं दिलं की काम होतं.

एक गिगाबाइटची युक्ती

आता मुख्य भाग. 'आयएसओतला इन्स्टॉलर चालवला, सगळे ड्रायव्हर बसले, आता बस बदलली तर काय बिघडतं?' असं वाटणं साहजिक आहे. पण इन्स्टॉलर ड्रायव्हरच्या फाइली विंडोजच्या कोठारात ठेवतो. विंडोज सुरू होताना अगदी पहिल्या क्षणी, जेव्हा सी ड्राइव्ह वाचण्याचीही सोय नसते, तेव्हा कुठले ड्रायव्हर लागतील याची वेगळी नोंद रजिस्ट्रीत असते. एखादं उपकरण प्रत्यक्ष समोर आलं आणि त्याच्यावर ड्रायव्हर चढला, की त्याची तिथे नोंद होते. व्हर्टआयओ डिस्क विंडोजने कधी पाहिलीच नसेल तर कोठारात फाइल असूनही ऐन वेळी घोडं अडतं. म्हणून आधी एक फुटकळ डिस्क दाखवायची.

१. मशीन चालू असताना आयएसओ सीडी म्हणून जोडा आणि तिच्यातला व्हर्टआयओ-विन-गेस्ट-टूल्स हा इन्स्टॉलर चालवा. पडदा क्षणभर काळा होईल, नेटवर्क एकदा तुटून जुळेल. रिमोट डेस्कटॉपवरून करत असाल तर व्हर्ट-मॅनेजरचा (केव्हीएमची मशीन पडद्यावरून सांभाळायचा प्रोग्रॅम) किंवा प्रॉक्समॉक्सचा कन्सोल शेजारी उघडा ठेवा.

२. मशीन पूर्ण बंद करा. बूट डिस्कला हात लावू नका.

३. १ गिगाबाइटची नवी डिस्क जोडा. व्हर्ट-मॅनेजरमध्ये 'अ‍ॅड हार्डवेअर', 'स्टोरेज', बस प्रकार व्हर्टआयओ. स्कझी ठरवलं असेल तर बस प्रकार स्कझी, आणि कंट्रोलरचं मॉडेल व्हर्टआयओ-स्कझी आहे ना हे स्वतंत्रपणे बघा.

४. मशीन सुरू करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्टोरेज कंट्रोलर्स'खाली वर सांगितलेलं नाव पिवळ्या खुणेशिवाय दिसलं पाहिजे. 'डिस्क ड्राइव्ह्ज'खाली नवी डिस्क दिसेल. तिला फॉरमॅट करायची गरज नाही. सर्व्हर आवृत्त्यांत ती ऑफलाइन दिसेल, तशीच राहू द्या.

५. पुन्हा पूर्ण बंद करा. १ गिगाबाइटची डिस्क काढून टाका आणि आता मुख्य डिस्कची बस बदला.

६. बूटचा क्रम तपासा, मग सुरू करा.

पाचव्या पायरीत दोन खाचखळगे आहेत. लिबव्हर्टची (व्हर्ट-मॅनेजरच्या मागे काम करणारी व्यवस्था) एक्सएमएल, म्हणजे मशीनच्या मांडणीची फाइल, हाताने बदलत असाल तर 'टार्गेट'मध्ये एसडीए ऐवजी व्हीडीए आणि बस व्हर्टआयओ एवढं करून भागत नाही. त्याच डिस्कखाली 'अ‍ॅड्रेस' ची एक ओळ असते, तिचा प्रकार 'ड्राइव्ह'. व्हर्टआयओ-ब्लॉक डिस्कला असा पत्ता नसतो, त्यामुळे लिबव्हर्ट बदल नाकारतं. ती ओळ पूर्ण पुसा. नवा पीसीआय पत्ता ते स्वतः घालतं. प्रॉक्समॉक्समध्ये मार्ग वेगळा : डिस्क 'डिटॅच' करायची, ती 'अनयूज्ड' म्हणून खाली दिसते, तिच्यावर दोनदा क्लिक करून नवी बस निवडून परत जोडायची. आणि इथेच लोक सहावी पायरी विसरतात. डिस्क काढल्याबरोबर ती बूटच्या यादीतून गेलेली असते, परत जोडली तरी तिथे खूण आपोआप होत नाही. मशीन सुरू होतं, 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतं, आणि माणूस ड्रायव्हरला दोष देत बसतो. निळा पडदा आला तर ड्रायव्हरचा प्रश्न. बूट करण्याजोगं काही सापडलंच नाही असा संदेश आला तर बूट क्रमाचा. या दोघांची सरमिसळ करू नका.

साटावर परत जाण्याची सोय नसेल तर

कधी डिस्क दुसऱ्या हायपरव्हायझरवरून थेट व्हर्टआयओवर आलेली असते. अशा वेळी विंडोजची इन्स्टॉलेशन आयएसओ आणि व्हर्टआयओची आयएसओ अशा दोन सीडी जोडा, पहिलीवरून बूट करा आणि 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मधून कमांड प्रॉम्प्टवर या. सी ड्राइव्ह दिसणार नाही, कारण इथेही ड्रायव्हर नाही. डीआरव्हीलोड ही कमांड देऊन पुढे व्हीआयओस्टॉरच्या (स्कझी असेल तर व्हीआयओस्कझीच्या) आयएनएफ फाइलचा पूर्ण मार्ग द्या. डिस्क उगवेल. पण हा ड्रायव्हर फक्त त्या तात्पुरत्या वातावरणात चढला. डिस्कवरच्या विंडोजमध्ये घालायचं काम डीआयएसएम या कमांडचं. तिला 'इमेज' म्हणून विंडोजचा ड्राइव्ह आणि 'अ‍ॅड-ड्रायव्हर'सोबत तीच आयएनएफ फाइल द्यायची. घाई इथे नडते : दुरुस्तीच्या वातावरणात तुमचा सी ड्राइव्ह डी किंवा ई झालेला असू शकतो, म्हणून आधी डीआयआर करून विंडोजचा फोल्डर कुठे आहे ते पाहा.

नव्याने विंडोज बसवताना मात्र हे सगळं टळतं. सुरुवातीलाच डिस्क व्हर्टआयओ ठेवा, दोन्ही आयएसओ साटा सीडी म्हणून जोडा. डिस्कची यादी रिकामी आली की 'लोड ड्रायव्हर', 'ब्राउज', योग्य फोल्डर. त्याच पडद्यावर नेटकेव्हीएम हा नेटवर्क कार्डाचा व्हर्टआयओ ड्रायव्हरही चढवून घ्या. विंडोज ११ ला बसतानाच इंटरनेट हवं असतं, आणि कार्डाचा ड्रायव्हर नसेल तर ते तिथेच अडून राहतं.

नेटवर्क कार्ड आणि त्याचं भूत

कार्ड बदलणं सोपं, कारण चुकलं तरी मशीन सुरू होतंच. मॉडेल ई१००० वरून व्हर्टआयओ करा, पण मॅक पत्ता तोच राहू द्या; राउटरवर त्या मॅकसाठी राखून ठेवलेला आयपी असेल तर तोच मिळेल.

स्थिर आयपी दिलेला असेल तर पाणी इथे मुरतं. विंडोजच्या लेखी हे नवं कार्ड आहे, जुनं फक्त 'सध्या हजर नाही'. जुन्याचा आयपी त्याच्याच नावावर रजिस्ट्रीत पडून असतो. नव्या कार्डाला तोच आकडा द्यायला गेलात की संदेश येतो : हा पत्ता आता संगणकात नसलेल्या दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, तिथून काढून टाकू का? 'हो' म्हणा. मग डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो हिडन डिव्हायसेस' करा, 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली फिकट रंगातलं इंटेलचं कार्ड दिसेल, ते 'अनइन्स्टॉल' करा. आयपी, मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चारही बदलण्याआधी कागदावर उतरवलेले असावेत, हे सांगायला नकोच.

नेटकेव्हीएम बसल्यावर विंडोज कार्डाचा वेग १० गिगाबिट दाखवतं. हुरळून जाऊ नका, तो नुसता दाखवायचा आकडा आहे. खरा वेग होस्टच्या कार्डावर आणि स्विचवर ठरतो.

ओळख न लागलेली उपकरणं

डिव्हाइस मॅनेजरमध्ये तरीही दोनचार पिवळ्या खुणा उरतात. त्यांची नावं इतकी मोघम असतात की अंदाज बांधण्यात वेळ जातो. 'प्रॉपर्टीज', 'डीटेल्स', 'हार्डवेअर आयडीज' उघडून क्रमांक वाचा. उत्पादक १एएफ४ असेल तर व्हर्टआयओच. पुढचा क्रमांक १००० किंवा १०४१ असेल तर नेटवर्क, १००१ किंवा १०४२ म्हणजे ब्लॉक, १००४ किंवा १०४८ म्हणजे स्कझी, १००३ किंवा १०४३ म्हणजे सीरियल, १००२ किंवा १०४५ म्हणजे बलून (गेस्टची मेमरी होस्टला मागे घेऊ देणारं उपकरण). जोडीतला पहिला क्रमांक जुन्या पद्धतीच्या उपकरणाचा, दुसरा १.० प्रमाणानंतरचा. उत्पादक १बी३६ आणि उपकरण ०१०० दिसलं तर ते क्यूएक्सएल हे चित्राचं कार्ड.

खुणेसोबतचा कोडही बोलका असतो. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ५२ म्हणजे सही पटली नाही. बहुधा जुन्या विंडोजवर नवी आयएसओ किंवा सिक्युअर बूटसोबत भलता ड्रायव्हर. १० म्हणजे ड्रायव्हर चढला पण उपकरण सुरू झालं नाही. तिथे होस्टवरची मांडणी बघा.

'सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' असं जे दिसतं ते बहुतेक वेळा व्हर्टआयओ-सीरियल. क्षुल्लक वाटतं, पण क्यूएमयू गेस्ट एजंट याच नळीतून होस्टशी बोलतो. सीरियलचा ड्रायव्हर नसेल तर एजंटची सेवा सुरूच होत नाही, आणि एजंट नसेल तर बॅकअपच्या वेळी फाइल सिस्टीम क्षणभर गोठवणं होत नाही. प्रॉक्समॉक्समध्ये एजंटची खूण केल्यावर विंडोजच्या आतून 'रीस्टार्ट' करून उपयोग नाही. आतल्या रीस्टार्टने क्यूएमयूची प्रक्रिया तीच राहते, नवं उपकरण जोडलं जात नाही. मशीन बंद करून बाहेरून सुरू करा.

बलून ड्रायव्हरबद्दल एवढंच : होस्टने मेमरी मागे घेतली की विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ती 'वापरात' दिसते, पण कुठल्याच प्रोग्रॅमच्या नावावर नाही. लोक गळती शोधत दिवस घालवतात. आधी होस्टवर किमान आणि कमाल मेमरीचे आकडे बघा.

लिनक्स गेस्ट असेल तर

ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, तरीही बूट अडकू शकतं, आणि कारण जवळपास विंडोजसारखंच. फेडोरा, अल्मा, रॉकी यांत इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचं गाठोडं) त्या-त्या यंत्रापुरतं आवळून बांधलेलं असतं. व्हीएमवेअरवर बांधलं असेल तर त्यात व्हर्टआयओ नसतं. बूट मेनूतला 'रेस्क्यू' कर्नल निवडा, त्यात सगळे ड्रायव्हर असतात. आत गेल्यावर ड्रॅकट (हे गाठोडं बांधणारी कमांड) नेहमीच्या कर्नलसाठी पुन्हा चालवा. डेबियन-उबुंटूत ही अडचण सहसा येत नाही. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) एसडीए१ असं लिहिलेलं असेल तर ते आता व्हीडीए१ झालेलं असेल, म्हणून तिथे यूयूआयडी (बस बदलली तरी न बदलणारा ओळख क्रमांक) हवा. नेटवर्कच्या इंटरफेसचं नावही बदलतं. ईएनएस३३ च्या नावाने लिहिलेली मांडणी नव्या नावाला लागू होत नाही.

व्हीएमवेअरवरून विंडोज आणत असाल तर व्हीएमवेअर टूल्स तिथेच, निघण्याआधी काढा. केव्हीएमवर आल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर 'हे व्हीएमवेअर नाही' म्हणून काम नाकारतो आणि मग रजिस्ट्रीत हाताने सफाई करावी लागते.

पुढचे काही दिवस

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टीम'खाली १२९ क्रमांकाच्या नोंदी येतात का ते बघत राहा. 'रेडपोर्ट'ला रीसेट दिला, अशा अर्थाची ती नोंद असते. डिस्ककडून ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही असा तिचा अर्थ. रात्री बॅकअपच्या वेळीच येत असेल तर होस्टची डिस्क दमते आहे. दिवसभर विखुरलेली येत असेल तर ड्रायव्हरची आवृत्ती बदलून पाहा, आणि त्यासाठी आधीची आयएसओ टाकून देऊ नका.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं की बिटलॉकर परत चालू झाला आहे ना ते बघा, डिस्कची जुनी प्रत उडवा आणि सीडी ड्राइव्हमधून व्हर्टआयओची आयएसओ काढा. ती तशीच जोडलेली राहिली आणि कुणी होस्टवर जागा करताना फाइल पुसली, तर पुढच्या वेळी मशीन सुरूच होत नाही. फाइल सापडत नाही एवढाच संदेश येतो, आणि तोवर ती सीडी कशासाठी जोडली होती हे कुणाच्याच लक्षात नसतं.